चीनच्या रॉकेटचा तुकडा सिंदेवाहीत पडला, पुलगावात पडला असता तर?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांत लोक अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर थांबून वर बघत होते. आकाशातून जळते गोळे एका रांगेत, मागे शेपटी सोडत निघाले होते. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान, कुणाला वाटलं क्षेपणास्त्र. मोबाईल बाहेर निघाले आणि काही मिनिटांत व्हिडिओ राज्यभर फिरले.

व्हिडिओ फिरत असतानाच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं सापडलं. व्यास सुमारे तीन मीटर. दुसऱ्या दिवशी जवळच्या पवनपारला धातूचा गोळा मिळाला. नंतर आसपास आणखी गोळे सापडत गेले. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. काही दिवसांनी इस्रोच्या शास्त्रज्ञांचं पथक येऊन या वस्तू तपासून गेलं.

हे नेमकं काय होतं, यावर सुरुवातीला गोंधळ होता. त्याच दिवशी न्यूझीलंडहून एक रॉकेट सुटलं होतं, त्यामुळे संशय तिकडे गेला. पण उपग्रहांच्या हालचालींची नोंद ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की, हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. हे रॉकेट सुटलं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे उपग्रह पोहोचवून झाल्यावर हा रिकामा टप्पा वर्षभराहून जास्त काळ पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि शेवटी विदर्भावर कोसळला.

हा टप्पा पडला सिंदेवाहीत. पण तो वर्धा जिल्ह्यात, अगदी पुलगावात पडू शकला असता का?

फक्त वीस सेकंदांचा फरक

जळते गोळे वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे जळगाव, अकोल्याच्या बाजूने येऊन चंद्रपूरकडे गेले. पुलगाव ते सिंदेवाही हे अंतर सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर आहे. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास धावते. त्या वेगाने हे अंतर कापायला लागतात जेमतेम वीस सेकंद.

असे टप्पे कुठे पडणार हे आधी नेमकं का सांगता येत नाही, याचं उत्तर याच हिशोबात आहे. वातावरणाचे वरचे थर सूर्याच्या तापण्यानुसार फुगतात आणि आकसतात. त्यामुळे खाली येणाऱ्या वस्तूला किती अडथळा होईल, याचा अंदाज चुकतो. वेळेचा अंदाज एका मिनिटाने चुकला, तर जागेचा अंदाज साडेचारशे किलोमीटरने चुकतो. आणि प्रत्यक्षात कोसळण्याच्या काही तास आधीसुद्धा अंदाजात मिनिटांची नाही, तासांची चूक असू शकते.

घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग पाण्याखाली आहे आणि उरलेल्या जमिनीवरही बहुतेक ठिकाणी माणसं विरळ आहेत. एखादा ठरावीक तुकडा एखाद्या ठरावीक गावावर पडण्याची शक्यता अगदी नगण्य असते. पण शक्यता नगण्य असली तरी टप्पे वाढत गेले की एकूण धोका वाढतो. मग प्रश्न येतो तो जबाबदारीचा. वापरून झालेल्या वस्तूची विल्हेवाट कुणी लावायची?

हा प्रश्न पुलगावला नवा नाही

वर्धा नदीच्या काठचं, मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं हे गाव देशभर ओळखलं जातं ते लष्कराच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारामुळे. हजारो एकरांवर पसरलेला हा डेपो देशातला सर्वांत मोठा मानला जातो. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली, स्फोट झाले आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान १६ जणांचा जीव गेला. त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान मोठ्या संख्येने होते.

त्यानंतर अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, डेपोजवळच्या सोनेगाव आबाजी परिसरातल्या मैदानावर पुन्हा स्फोट झाला. तेव्हा सुरू होतं मुदत संपलेल्या स्फोटकांची विल्हेवाट लावण्याचं काम. त्यात सहा जण गेले आणि अनेक जखमी झाले. मरणाऱ्यांत रोजंदारीवर आलेले मजूरही होते.

या दुर्घटनांचा अंतराळाशी थेट संबंध नाही. पण वस्तूचा उपयोग संपला म्हणून तिच्यातली ऊर्जा संपत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. अशी वस्तू वेळेत आणि नीट निकामी केली नाही, तर त्याची किंमत मोजतो तो जवळ उभा असलेला माणूस. आता हेच अंतराळात कसं घडतं ते पाहू.

वर नेमकं किती सामान आहे?

युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार पृथ्वीभोवती सुमारे ४०,००० वस्तूंवर नजर ठेवली जाते. त्यांतले काम करणारे उपग्रह साधारण ११,०००. बाकी बंद पडलेले उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे आणि तुटलेले तुकडे. रडारला सहज न दिसणारे, पण एक सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे १२ लाखांहून जास्त असावेत असा अंदाज आहे.

एक सेंटिमीटर म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा. पण वेग सेकंदाला काही किलोमीटर असेल, तर तेवढा दाणासुद्धा उपग्रह निकामी करतो. फेब्रुवारी २००९ मध्ये तर दोन अख्खे उपग्रहच एकमेकांवर आदळले. एक अमेरिकेचा चालू असलेला इरिडियम, दुसरा रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस. त्यातून दोन हजारांच्या आसपास मोठे तुकडे तयार झाले.

नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच हा इशारा दिला होता. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की टकरीतून तुकडे, त्या तुकड्यांमुळे आणखी टकरी आणि त्यातून आणखी तुकडे, अशी साखळी सुरू होते. मग नवीन काही सोडलं नाही तरी कचरा वाढतच राहतो.

टक्कर न होताही कचरा कसा वाढतो?

रॉकेटचा टप्पा उपग्रह सोडतो तेव्हा टाक्यांमध्ये थोडं इंधन आणि दाबाखालचा वायू उरलेला असतो. उन्हात तापत, सावलीत गार होत टाकी महिनोन्महिने फिरते आणि कधीतरी फुटते.

भारतालाही याचा अनुभव आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ ने उपग्रह व्यवस्थित पोहोचवले. पण डिसेंबरमध्ये त्याचा रिकामा चौथा टप्पा कक्षेत फुटला आणि तीनशेहून जास्त तुकडे नोंदले गेले. त्यानंतर इस्रोने टप्प्यात उरलेलं इंधन बाहेर सोडून तो निष्क्रिय करायला सुरुवात केली. दारूगोळ्याच्या बाबतीत जे जमिनीवर करावं लागतं, तेच हे काम. फरक एवढाच की इथे ते माणसाने जवळ न जाता होतं.

काही वेळा मात्र कचरा मुद्दाम तयार केला जातो. जानेवारी २००७ मध्ये चीनने आपलाच एक जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने उडवला. तो ८०० किलोमीटरपेक्षा जास्त उंचीवर होता. त्यातून ३,००० हून जास्त तुकडे झाले आणि एवढ्या उंचीवरचे बरेचसे तुकडे अनेक दशकं तिथेच राहणार आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने अशीच चाचणी केली. तेव्हा अंतराळ स्थानकावरच्या अंतराळवीरांना, त्यांत रशियाचेही होते, परतीच्या यानांमध्ये आसरा घ्यावा लागला.

भारतानेही २७ मार्च २०१९ ला ‘मिशन शक्ती’मध्ये आपला उपग्रह पाडला. उंची मुद्दाम कमी, सुमारे ३०० किलोमीटर ठेवली होती, म्हणजे तुकडे लवकर खाली यावेत. तरी नासाने सुमारे ४०० तुकडे झाल्याचं सांगितलं आणि त्यांतले काही स्थानकाच्या उंचीच्याही वर गेले. नोंदलेले तुकडे पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत वातावरणात जळून संपले.

डिसेंबर २०२२ मध्ये अशा विध्वंसक चाचण्या करू नयेत, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आला. १५५ देशांनी बाजूने मत दिलं, चीन आणि रशियासह ९ देश विरोधात गेले आणि भारतासह ९ तटस्थ राहिले. असा ठराव कुणावर बंधनकारक नसतो. म्हणजे उपग्रह पाडण्याची चाचणी पूर्णपणे बंद करणारा बंधनकारक जागतिक करार आजही नाही.

गावात तुकडा पडला, तर भरपाई कोण देणार?

समजा, लाडबोरीत कडं एखाद्या घरावर पडलं असतं. मग काय?

यासाठी जागतिक नियम आहेत. १९६७ चा अंतराळ करार सांगतो की, अंतराळात पाठवलेल्या वस्तूची जबाबदारी तिच्या देशाची. ती वस्तू परत जमिनीवर पडली तरी मालकी त्याच देशाची राहते. म्हणून शेतात पडलेला तुकडा ‘ज्याला सापडला त्याचा’ होत नाही. १९७२ चा दायित्व करार आणखी पुढे जातो. जमिनीवर नुकसान झालं, तर चूक कुणाची हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. वस्तू सोडणाऱ्या देशाला भरपाई द्यावीच लागते. भारत आणि चीन दोघेही या कराराचे सदस्य आहेत.

पण इथे एक मेख आहे. या कराराखाली शेतकरी स्वतः दावा करत नाही. त्याच्या वतीने त्याचं सरकार राजनैतिक मार्गाने दुसऱ्या सरकारकडे मागणी करतं आणि त्यासाठी साधारण एका वर्षाची मुदत असते. म्हणजे दोन देशांचे संबंध कसे आहेत, सरकारला हा विषय किती महत्त्वाचा वाटतो, यावर बरंच काही ठरतं.

याचं गाजलेलं उदाहरण कॅनडाचं. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह उत्तर कॅनडात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे मोठ्या भागात विखुरले. कॅनडाने शोध आणि सफाईसाठी सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले. १९८१ मध्ये तडजोड झाली ती ३० लाखांवर.

दुसरी मेख जास्त महत्त्वाची आहे. हा करार स्वतःच्या नागरिकांना लागू होत नाही. चीनचा तुकडा भारतीय घरावर पडला, तर करार आहे. पण भारताच्याच रॉकेटचा तुकडा भारतीय घरावर पडला, तर दायित्व करार मदतीला येत नाही. तिथे देशाचा स्वतःचा कायदा लागतो.

हे कल्पनेतलं उदाहरण नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर आणि आतली जमीन फोडून सुमारे पाऊण किलोचा धातूचा तुकडा आत शिरला. तो अंतराळ स्थानकावरून टाकून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सांगाड्याचा भाग होता, हे नासाने मान्य केलं. घर अमेरिकनांचं, सामान अमेरिकेचं. म्हणून त्या कुटुंबाने अमेरिकी कायद्याखाली नासाकडे ८०,००० डॉलरहून जास्त भरपाई मागितली.

भारतात काय? अंतराळ व्यवहारांसाठीच्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला. २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण आलं, खासगी कंपन्यांना दारं उघडली, त्यांना परवानगी द्यायला ‘इन-स्पेस’ ही संस्था आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. खासगी रॉकेटमुळे नुकसान झालं तर कंपनीने किती द्यायचं, सरकारने किती, विमा किती रकमेचा असावा, हे संसदेच्या कायद्यानेच पक्कं होऊ शकतं.

भारताचा तुकडा दुसऱ्याच्या दारात पडतो तेव्हा

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन हेड इथल्या समुद्रकिनाऱ्यावर पिंपासारखी एक मोठी वस्तू वाहून आली. तिकडच्या अंतराळ संस्थेने तपास करून सांगितलं की, हा बहुधा भारताच्या पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा आहे. आपल्याकडे चीनचं कडं, त्यांच्याकडे भारताचं पिंप. म्हणजे या विषयात कुणीही फक्त तक्रारदार नाही.

इस्रोने गेल्या काही वर्षांत या बाबतीत केलेली कामं म्हणूनच लक्षात घेण्यासारखी आहेत. अंतराळातल्या वस्तूंवर नजर ठेवण्यासाठी ‘नेत्र’ प्रकल्प आहे आणि जुलै २०२२ पासून बंगळुरूत सुरक्षित व शाश्वत अंतराळ व्यवहारांसाठी वेगळं केंद्र काम करतं. चांद्रयान-३ चं उड्डाणसुद्धा संभाव्य टक्कर टाळण्यासाठी चार सेकंद उशिरा केलं गेलं.

७ मार्च २०२३ ला मेघा-ट्रॉपिक्स-१ हा जुना उपग्रह, उरलेलं इंधन वापरून, ठरवलेल्या वेळी प्रशांत महासागरावर उतरवण्यात आला. तो मुळात अशा कामासाठी बनवलेलाही नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये, कक्षा आधीच खाली आणलेल्या कार्टोसॅट-२ ची अखेर हिंद महासागरावर झाली. त्याला तसाच सोडला असता, तर खाली यायला सुमारे तीस वर्षं लागली असती. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलं की, २०३० पर्यंत भारताच्या सरकारी आणि खासगी सगळ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचं उद्दिष्ट आहे.

यातला फरक समजून घ्यायला हवा. सिंदेवाहीवर पडलेला टप्पा अनियंत्रित होता, तो कधी आणि कुठे पडणार हे कुणाच्याच हातात नव्हतं. मेघा-ट्रॉपिक्सची जागा आणि वेळ माणसांनी ठरवली होती. या फरकासाठी लागतं शेवटपर्यंत राखून ठेवलेलं इंधन. आणि इंधन राखायचं म्हणजे उपग्रहाचं कमाईचं आयुष्य थोडं कमी करायचं. म्हणून हा खर्च टाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

सामान्य माणसाचा यात संबंध काय?

पावसाचा अंदाज, टीव्ही, बँकांचे व्यवहार, मोबाईलवरचा नकाशा, वीज पडण्याचा इशारा, या सगळ्यांमागे कुठे ना कुठे उपग्रह आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, ते गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिमसारख्या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांत उपग्रहावरून इंटरनेट पोहोचवण्यासाठी. आज काम करणाऱ्या सगळ्या उपग्रहांपैकी निम्म्याहून जास्त या एका कंपनीचे आहेत. साधारण पाच वर्षांनी ते खाली आणून वातावरणात जाळायचे, अशी त्यांची रचना आहे. म्हणजे गडचिरोलीच्या शाळेतलं इंटरनेटही या गर्दीच्या कक्षा नीट राहण्यावर अवलंबून असणार आहे.

नियमही हळूहळू कडक होत आहेत. काम संपल्यावर उपग्रह २५ वर्षांत खाली यावा, असा जुना संकेत होता. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये आपल्या परवानाधारकांसाठी ही मुदत पाच वर्षांवर आणली. संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीने २०१९ मध्ये अंतराळाच्या दीर्घकालीन शाश्वत वापरासाठी २१ मार्गदर्शक सूत्रं स्वीकारली. पण ती ऐच्छिक आहेत. पाळली तर कौतुक होतं, मोडली तर दंड होत नाही.

तुकडा सापडला तर काय करायचं?

अनोळखी धातूचा गोळा, कडं किंवा टाकी आकाशातून पडलेली दिसली, तर तिला हात लावू नका. काही टाक्यांमध्ये हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. काही टाक्या दाबाखाली असू शकतात. मुलांना दूर ठेवा, लांबूनच फोटो घ्या आणि पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात कळवा. भंगारात विकू नका. एक तर ती वस्तू कायद्याने दुसऱ्या देशाची मालमत्ता असू शकते. दुसरं म्हणजे, ती कुणाची हे सिद्ध करणारा पुरावाही तीच असते. घराचं, जनावराचं किंवा पिकाचं नुकसान झालं असेल, तर पंचनामा करून घ्या. पुढे सरकारला दावा करायचा झाला, तर सुरुवात त्या कागदापासूनच होईल.

रॉकेट सुटतं तेव्हा टाळ्या वाजतात आणि उपग्रह कक्षेत पोहोचला की बातमी संपते. त्या वेळी रिकामा टप्पा मात्र वरच असतो. पुढच्या वेळी उड्डाणाची बातमी वाचाल, मग ती चीनची असो, अमेरिकेची असो की इस्रोची, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. काम झाल्यावर हा टप्पा कुठे उतरणार आहे, आणि ते कुणी ठरवलंय? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर तो धोका खाली राहणाऱ्या लोकांच्या माथी मारलेला आहे.